गाडी डावीकडे बसते

१

जुनी गाडी पाहायला गेलो की मी आधी बॉनेट उघडत नाही. लांब उभा राहतो आणि गाडी कशी उभी आहे ते पाहतो. इंजिन बदलता येतं, पत्रा ठोकता येतो. पण गाडीवर कोणी किती लादलं, कोणत्या चाकानं खड्डे खाल्ले, हे तिच्या उभं राहण्यात दिसतं. मी चौथी शिकलो. कागद वाचायला मला वेळ लागतो. गाडी मी लांबून वाचतो.

चिमूरला माझं गॅरेज आहे. आता ते माझा मुलगा धनराज चालवतो. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो मला गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावू देत नाही. दारात खुर्ची टाकून दिली आहे. त्या खुर्चीवर बसूनच मी ऐकलं की कोसंबीटोल्याच्या गिरजाबाईंना गाडी विकायची आहे. गोल नाकाची, जुनी अ‍ॅम्बॅसडर. त्यांचे मालक गुणवंतराव तेंदूपत्त्याचे ठेकेदार होते. ते वारले तेव्हापासून गाडी गाईंच्या कोठ्यात उभी.

"भंगार आहे ते, बाबा," धनराज म्हणाला. "कोन घेईन?"

"मी घेईन."

"तुमाले आता नीट दिसत नाई. पाटलाच्या फटफटीचं चाक सरळ केलं म्हणे. वाकडंच होतं."

"चाक सरळ होतं. पाटील वाकडा बसते."

दुकानातली माणसं हसली. धनराज हसला नाही. तो माझ्या डोळ्यांकडे पाहत होता, जसं आपण उतरलेल्या टायरकडे पाहतो.

मी उठून उभा राहिलो. "ते गाडी मी सरळ उभी करीन आन् सोता चालवत इथी आणीन. नाई जमलं तं या हातात पाना धरणार नाई."

सगळ्यांसमोर बोललो होतो. बोललेलं मी परत घेत नाही.

२

कोठ्यात एका बाजूला दोन गाई, दुसऱ्या बाजूला गाडी. मी दारात उभा राहून पाहिलं. गाडी मागून डावीकडे बसली होती. थोडीच, पण बसली होती.

असं होतं. एका बाजूचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगा, थकतात. मी मनात म्हटलं, दोन दिवसांचं काम.

"घ्याची अशीन तं घ्या, भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या. उंच, वाळलेल्या बाई. "मले पोरीकडं राजुऱ्याले जाचं आहे. हे गाडी गेल्याबिगर मले जाता येत नाई."

"काऊन? कुलूप लावून जा ना."

त्या गाईपुढे पेंढी टाकत राहिल्या.

मी सांगितलं, पहिले दुरुस्त करीन, चालवून पाहीन, सरळ उभी राहिली तरच घेईन. त्यांनी मान हलवली. माझी ही पद्धत त्यांना चालत होती. मग मी गाडीभोवती फिरलो. चारही दारं पाहिली. तीन दारं गंजून बसलेली, खांद्यानं रेटा दिल्याशिवाय उघडेनात. मागचं डावं दार एका बोटानं उघडलं. बिजागरी चकचकीत होती, रोजच्या वापरातल्या दारासारखी.

आत सीट उंदरांनी खाल्लेली. काथ्या बाहेर आलेला, वर लेंड्या. फक्त डाव्या कोपऱ्यातली एका माणसाच्या बसण्याएवढी जागा शाबूत होती. तिथं धूळही नव्हती.

आणि त्या दाराच्या काचेवर, आतून, एक तेलकट डाग. मी तो लगेच ओळखला. लांबच्या प्रवासात माणूस काचेला कपाळ टेकून झोपतो, त्याचा डाग. मी चिंधी रॉकेलात बुडवून तो पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा डाग तिथंच होता.

रॉकेलनं तेल पसरतं, मी म्हटलं. पुन्हा पुसला.

३

पाटे बदलले. जुने सोडून धनराजच्या दुकानातून पाट्यांची नवी पानं नेली. बसवली, गाडी जॅकवरून खाली सोडली, दारात जाऊन पाहिलं. डावीकडेच.

मग मला शंका आली की जमीन वाकडी असेल. गावातल्या गवंड्याकडून पाण्याची नळी आणली. दोन्ही चाकांखालचं पाणी सारखं होतं. मग चाकं बदलली. मग उजवा पाटा डाव्या बाजूला आणि डावा उजव्या बाजूला टाकला. पाट्यात खोट असती तर गाडी आता उजवीकडे बसायला पाहिजे होती.

डावीकडेच बसली.

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. धनराजनं विचारलं, "झाली का सरळ?" मी म्हटलं, होते. तो म्हणाला, "मी येऊन पाहू का?" मी ताटावरून उठलो.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. गाडीची नाही. माझ्या डोळ्याला ती डावीकडे दिसते आणि ती सरळच असेल तर? गवंड्याची नळी तरी मीच धरली होती, माझ्याच डोळ्यानं पाहिली होती. डोळा गेला असेल तर मोजमापही गेलं. मग मी खरोखरच दारातल्या खुर्चीचा माणूस.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली गेलो. दुपार होती. गिरजाबाई शेतावर, गाई चरायला. गाडी चारही चाकांवर उभी होती आणि मी पाठीवर झोपून डाव्या पाट्याचे बोल्ट हातानं चाचपत होतो. डोळ्यावर भरवसा नव्हता, म्हणून हातानं.

पाटा कुरकुरला.

पाटा दोन कारणांनी कुरकुरतो. वजन चढलं की किंवा वजन सरकलं की. मी हात तसाच ठेवला. बोटांखाली पानं एकमेकांवर घासली, किंचित, आणि थांबली. खूप वेळ एका कुशीवर बसलेला माणूस दुसऱ्या कुशीवर होतो, तेवढंच.

मांजर असेल. मी बाहेर आलो, उठलो, आत पाहिलं. मांजर नव्हतं. दारं बंद होती. काचेवरचा डाग पुन्हा होता आणि त्याच्या खाली काच थोडी धुरकट झाली होती. मी पाहत असतानाच ती हळूहळू कोरडी झाली.

मी हत्यारं गोळा केली, पेटीत लावली. घाईनं नाही. घाई केली असती तर मी घाबरलो असं झालं असतं.

४

इंजिन सुरू झालं त्याच आठवड्यात मी गाडी कोसंबीटोल्याबाहेरच्या राईस मिलवर नेली. तिथं धानाच्या गाड्या मोजायचा काटा आहे. जमिनीत बसवलेला, ट्रक मावेल एवढा. काट्यावर संघपाल बसतो. तरणा माणूस, बोलका.

"भाऊ, हे कुठून काढली? हिच्यात तं माह्या आज्याची वरात गेली अशीन."

"बाजू मोजाची आहे. डावी चाकं काट्यावर, उजवी बाहेर. मंग फिरवून उजवी."

"हे काय नवीन?"

"मोज."

मी बॅटरी काढून खाली ठेवली. जादा चाक काढलं. पेट्रोलच्या टाकीत तळाशी होतं तेवढंच. मागची सीट उचलून बाहेर ठेवली. मिलवरच्या माणसांनी गाडी ढकलली. डावी बाजू मोजली, फिरवली, उजवी मोजली.

संघपालनं दोनदा पाहिलं. "डावी जास्त आहे, भाऊ. पन्नास किलोच्या वर. दाराच्या पोकळीत धान भरलं का?"

"तुहा काटा बरोबर आहे का?"

"सरकारी माणूस शिक्का मारून गेला आत्ताच." तो स्वतः काट्यावर जाऊन उभा राहिला, त्याचं वजन बरोबर दाखवलं. मग पुन्हा गाडी ढकलली, पुन्हा मोजली. तेवढंच.

पन्नास किलोच्या वर. एका वाळलेल्या माणसाचं वजन.

आता जे सांगतो ते मला शोभत नाही, पण तसंच झालं. मला आनंद झाला. संघपालच्या खोलीत पंखा चालू होता, तिथं बसून मी चहा प्यालो. गाडी डावीकडे बसते. माझ्या डोळ्याला दिसलं तेच काट्यानं दाखवलं. मी चुकलो नव्हतो.

मागे कोण बसलं आहे, हा प्रश्न मला चहा संपल्यावर पडला.

"संघपाल," मी म्हटलं, "धनराज भेटला तं सांगजो, काट्यानं काय दाखवलं ते."

"सांगतो. पण भाऊ, डावी जड काऊन आहे?"

"ते मी पाहीन."

सीट जागेवर बसवताना ती डाव्या कोपऱ्यात बसेना. खाली काही अडकल्यासारखी. मी दार उघडं ठेवून बाजूला झालो. जरा थांबून पुन्हा दाबली. बसली.

५

गिरजाबाईंना मी सरळ विचारलं. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"गाडीत कोन आहे?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. नवल वाटल्यासारखं केलं नाही. "बुधू," म्हणाल्या.

त्या काळी या भागात एवढीच गाडी होती. आजारी माणसाला चंद्रपूरला न्यायची आणि तिथं मेला तर परत आणायची. आमच्याकडे मेलेल्या माणसाला गाडीतून आणताना प्रत्येक नाल्यावर सांगावं लागतं. नाला आला, चाल. पाण्यावर सांगितलं नाही तर तो मागे राहतो. घर आलं की म्हणायचं, उतर. हे मलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे.

"बुधू जंगलातल्या टोल्यावरचा, लहान्या वस्तीतला," त्या म्हणाल्या. "तेंदूची पानं तोडाले येत होता. चंद्रपूरले मेला. आणताना हे एकटेच होते गाडीत. प्रत्येक नाल्यावर सांगतलं यायनं. टोल्यावर पोचले, मानसायनं त्याले लाल कांबळ्यात उचलून नेलं. आभाळ भरून आलं होतं, रस्ता बंद होईन म्हणून यायनं गाडी फिरवली. उतर म्हणाचं राहून गेलं."

"मंग परत जाचं."

"उद्या जाऊ, परवा जाऊ. त्यातच हे गेले. मंग सरकारनं तो टोला जंगलातून उठवला. आता तिथी कोनी नाई. कुठी होता तेही कोनाले धड सांगता येत नाई."

"इथीच म्हणाचं होतं, उतर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इथी उतरला तं इथीच राहीन, भाऊ. हे माहं घर आहे. संध्याकाळी दार उघडून देतो मी त्याले, हवा लागाले. तेवढं करतो. उतर म्हणत नाई."

मी मानतो असं म्हणालो नाही. मानत नाही असंही म्हणालो नाही. मी गाडी घेतो म्हणालो. काटा दाखवला असता तर धनराजला मान खाली घालावी लागली असती, पण माझा शब्द काट्याचा नव्हता. सरळ उभी करून आणीन, असा शब्द होता. आणि ती सरळ कशी होईल हे मला आता कळलं होतं. माझ्या आणि चिमूरच्या मध्ये एक नाला आहे.

गिरजाबाईंनाही ते कळलं असावं. चावी हातात देताना त्यांनी ती सोडली नाही.

"पाण्यात नका सोडू त्याले, भाऊ. नाल्यावर सांगा. न सांगता सोडला तं मागून जो येईन त्याले धरीन."

"त्या रस्त्यानं कोन येते?"

"कोनी ना कोनी येते."

मी चावी ओढून घेतली.

६

सकाळची वेळ. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या होत्या. नाल्यावर पूल नाही, रपटा आहे. सिमेंटची पट्टी, वरून घोटाभर पाणी वाहतं.

मी थांबून आरशात पाहिलं. मागे रस्ता रिकामा. मागची सीट रिकामी. पहिल्या गिअरमध्ये गाडी पाण्यात घातली.

तोंड बंद ठेवणं एवढंच करायचं होतं. मी कमी बोलणारा माणूस आहे, मला ते जड जायला नको होतं. पण पाण्याच्या मध्यावर जिभेवर शब्द आला. चाल. बापाला आणलं तेव्हा म्हटला होता, भावाला आणलं तेव्हा म्हटला होता. पाणी दिसलं की तो आपोआप येतो. मी दात आवळले.

मागे काचेवर काहीतरी घासलं. मी पुढे पाहत राहिलो.

पुढची चाकं पलीकडच्या चढावर लागली आणि डावी बाजू वर आली. झटका नाही, आवाज नाही. स्टिअरिंग इतके दिवस मी थोडं उजवीकडे ओढून धरत होतो, ते हातात सैल झालं. गाडी सरळ झाली. इतकी सरळ की मला हसू आलं. एकटाच हसलो.

तेव्हा मागून हॉर्न वाजला.

आरशात धनराजची फटफटी. संघपालनं त्याला सांगितलं असणार. माझ्या डोळ्यावर भरवसा नाही म्हणून तो मिलच्या वाटेनं कोसंबीटोल्यापर्यंत गेला असणार आणि मी निघालो ऐकून मागे आला असणार. तो हात हलवत होता. मी ब्रेक दाबला, काच खाली करायला लागलो. त्याला थांब म्हणायचं होतं. काच अडकली.

धनराज पाण्यात उतरला. मध्यावर त्याची फटफटी डगमगली, न सांगता मागे कोणी बसलं की डगमगते तशी. त्यानं पाय पाण्यात टेकला. मागे वळून पाहिलं. पुन्हा पुढे पाहिलं आणि चढ चढून आला.

त्याच्या खांद्यामागे लाल कांबळ्याची कड दिसली. धनराजजवळ कांबळं नव्हतं.

७

दुकानासमोर मी गाडी उभी केली. धनराजनं फटफटी स्टँडवर लावली आणि लांब जाऊन उभा राहिला, मी उभा राहतो तसा. खूप वेळ पाहिलं. मग खाली बसून पाहिलं.

"सरळ आहे," तो म्हणाला. "मानलं, बाबा. काट्याचंही सांगतलं संघपालनं. तुमचा डोळा अजून आहे." त्यानं मानेमागे हात चोळला. "मी उगाच बोललो त्या दिवशी."

हे ऐकायला मी एवढं केलं होतं. ऐकलं आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या फटफटीकडे पाहिलं. धनराज खाली उतरला होता आणि फटफटीचा मागचा भाग वर आलाच नव्हता. शॉकअप दबलेले. मागच्या टायरचं पोट जमिनीवर पसरलेलं. माझा डोळा अजून आहे. लांबूनही वजन कळलं.

"गारठा बसला वाटते," धनराज म्हणाला. "खांदा भरून आला."

तेवढ्यात रीता, माझी सून, पिशवी घेऊन बाहेर आली. तिला बाजारात सोडायचं होतं. पदर खोचून ती फटफटीकडे गेली आणि मागच्या सीटवर हात ठेवला. लगेच हात काढला, तळवा पाहिला, साडीला पुसला.

"वल्ली काऊन आहे सीट?" ती म्हणाली आणि बसायला वळली.

"रीता, थांब."

मी तिच्याशी कधी त्या आवाजात बोललो नव्हतो. ती थांबली. धनराजही थांबला.

मला दोन शब्द माहीत होते. उतर म्हटलं तर तो माझ्या अंगणात उतरणार होता. मी गाडीजवळ गेलो, मागचं डावं दार उघडलं, आणि मुलासमोर, सुनेसमोर, दुकानातल्या माणसांसमोर म्हणालो, "बुधू. चाल."

काही झालं नाही. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मी पुन्हा म्हणालो. आणखी खालच्या आवाजात, आपल्या माणसाला म्हणतो तसं.

फटफटीचा मागचा भाग सावकाश वर आला. माझ्या उजव्या हाताशी गार वारा लागला, ओल्या कांबळ्याच्या वासाचा. मग गाडीचा डावा पाटा कुरकुरला आणि गाडी खाली बसली. मी दार लावलं.

"बाबा," धनराज म्हणाला. "हे पाहा. डावीकडं बसली."

"हो."

"आत्ता तं सरळ होती."

"नव्हती. तुले सरळ दिसली."

"मंग काय झालं?"

"नाई जमलं मले," मी म्हणालो. खिशातला पाना काढून त्याच्या हातात दिला. तो माझाच पाना, लाकडी दांड्याचा, माझ्या हातानं झिजलेला. दुकानातलं कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. धनराज पाना धरून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यात पाणी आलं, कारण त्याला वाटलं बाप म्हातारा झाला.

तसंच वाटू दिलं.

"कुठी चालले?"

"गाडी पोचवून येतो."

आरसा मी छताकडे वळवून ठेवला. नाल्यावर गाडी हळू केली आणि नीट, मोठ्यानं सांगितलं, "नाला आला, बुधू. चाल." पाट्यानं वजन सोडलं नाही. कोसंबीटोल्यावर गिरजाबाई ओट्यावर उभ्या होत्या. मी थांबलो नाही. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि गाडी जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

पुढे डांबर संपलं. सागाचं जंगल सुरू झालं, मग बांबू. ऊन अजून होतं. एका ठिकाणी वाट फुटली. दोन्ही वाटा सारख्याच, दोन्हीवर गवत वाढलेलं. टोला कुठं होता ते कोणाला सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. मी गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवलं. मागे पाहायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

मागच्या डाव्या दारावर आतून दोन थापा पडल्या.

ट्रकचा क्लीनर देतो तशा. दोन म्हणजे जाऊ द्या, एक म्हणजे थांबा. हे गाडीवर वावरलेल्या प्रत्येकाला कळतं.

थापा डावीकडून होत्या. मी डाव्या वाटेला गाडी घातली आणि एका थापेसाठी कान देऊन बसलो.